भुऱ्याच्या कंपनीचे शेअर

आमच्या घरी रविवारी दुपारी दोन ते तीन या वेळात पाहुण्याने येऊ नये, पोराने पडू नये आणि दुधाने उतू जाऊ नये, असा आईचा दंडक होता. कारण त्या तासाला टीव्हीवर कुस्ती लागायची. आपली मातीतली नव्हे. परदेशातली, दोरांच्या चौकटीतली, जिथे पहिलवानांच्या चड्ड्या चमकतात, ते एकमेकांना लोखंडी खुर्चीने हाणतात आणि पंचाला नेमकं त्याच वेळी दुसरीकडे पाहायचं असतं. सकाळपासून घरात लगबग चालायची. साडेबारालाच पानं वाढली जात: ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि आई खुशीत असली तर मुंगवडे. बाबा दुसऱ्यांदा भात मागू लागले की ती त्यांच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. दीडपर्यंत भांडी घासून पालथी पडलेली असत, आणि पावणेदोनला शेजारच्या जुबेदाखाला ओढणीच्या टोकात शेंगदाणे बांधून हजर होत. त्यांचे यजमान यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कारखान्यात फिटर होते. घरी टीव्ही होता, आमच्यापेक्षा मोठाच होता, पण त्या घरी सासूही होती. त्यामुळे कुस्ती आमच्याकडे.

आईचं शिक्षण नेरजवळच्या तिच्या गावात सातवीपर्यंत झालेलं. मराठी पेपर ती छोट्या जाहिरातींसकट वाचून काढी, पण इंग्रजीतले फक्त आकडे यायचे, तेही विजेच्या मीटरमुळे आणि केबलच्या चॅनलमुळे. मग पहिलवानांची नावं कोण लक्षात ठेवतो? तिने सगळ्यांचं नव्याने बारसं केलं होतं. सोनेरी केसांचा, मार खाऊन खाऊन शेवटी उठणारा तो भुऱ्या. त्याचा वैरी टकल्या. काळा कोट घालून चौकटीबाहेर उभा राहणारा आणि नको तिथे तोंड घालणारा एक मॅनेजर होता, त्याला ती मामंजी म्हणायची. सासऱ्यांचीच पदवी त्याला का दिली, हे बाबांनी कधी विचारलं नाही. भुऱ्या आडवा झाला की आई पाटावरून अर्धी उठायची, "उठ रे बाप्पा! झोपाले आला का तिथं?" खाला छातीवर हात ठेवून ओरडायच्या, "पीछे देख, अरे पीछे, वो कोटवाला आया!" भुऱ्याला इतक्या लांबून ऐकू जात नव्हतं हे त्याचं नशीब, नाहीतर दोघींच्या सूचनांनी तो गोंधळून गेला असता. सात-आठ वर्षं हा कार्यक्रम चालू होता. माझ्या दहावीच्या निकालाची तारीख आई विसरली होती, पण भुऱ्याचा पट्टा टकल्याने कोणत्या पोळ्याच्या आठवड्यात हिसकावला ते तिला पाठ होतं.

बाबा एका खाजगी जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेबनीस होते. ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडअळीने खाल्लेला, पिवळा पडलेला कापूस गाड्यांतून यायचा, दोन-दोन दिवस फाटकाबाहेर रांगेत उभा राहायचा आणि मिळेल त्या भावाला जायचा. पूर्वी दिवसातून तीनदा वाजणारा जिनिंगचा भोंगा आता एकदाच वाजे, आणि पगार महिना उलटून गेल्यावर, आठवण झाल्यासारखा येई. बाबा संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवरही कापसाचे तंतू असत. ते हात-पाय धुऊन आरामखुर्चीत बसले की एक वाक्य ठरलेलं. "नुरा कुस्ती आहे ती, नुरा. दोघांनी आधी ठरवून खेळलेली. पाहणारे तेवढे येडे." आई फोडणी देता देता म्हणायची, "तुम्हाले तर देवळातला देवही ठरवूनच बसला दिसते." वाद तिथेच संपायचा. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जगात मला न कळणारं फारसं काही उरलेलं नाही, अशी माझी खात्री होती.

कॉलेजच्या वाटेवर एक शेअरवाले काका लूनाच्या सीटवर फॉर्मांचे गठ्ठे मांडून उभे असायचे. तेव्हा कंपन्यांचे फॉर्म फुकट वाटत. गावातली कारकून मंडळी ते भाजीच्या पिशवीतून घरी नेत आणि भरायचे का नाही यावर महिनाभर चर्चा करत. एक दिवस मी सहज पाहिलं, तर वरच्याच फॉर्मवर भुऱ्या. मूठ उगारलेली, केस उडालेले. मुंबईची कुठलीशी कंपनी निघाली होती. तिकडचे पहिलवान इकडे आणून ती गावोगावी कुस्त्या लावणार, टीव्हीवर दाखवणार, आणि त्यासाठी लोकांकडून भांडवल मागत होती. मी दोन फॉर्म उचलले, एक खालांसाठी, नुसता फोटो म्हणून.

आईने फॉर्म हातात घेण्याआधी पदराला हात पुसले. फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "शेअर घेतला म्हंजे काय होते?"

"कंपनीत आपला वाटा."

"म्हंजे भुऱ्यातही वाटा?"

"असला तर नखाएवढा."

"नख तर नख," ती म्हणाली, आणि फॉर्म देवघराच्या फळीवर गेला.

तिच्याकडे पैसे होते, हीच खरी भानगड. गल्लीतल्या बायकांच्या भिशीत त्या महिन्यात तिचा नंबर लागला होता. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत एकरकमी आणि फक्त तिचे म्हणता येतील असे ते पहिलेच पैसे. बाबांच्या मते ते पोस्टात टाकायला हवे होते, कारण जिनिंगचं काही खरं नव्हतं. "पैसे तुझे, विचार तुझा," ते म्हणाले, पण असं म्हणताना त्यांचा आवाज नेहमी 'माझंच ऐक' असा निघायचा. आई म्हणाली, आधी त्यात काय लिहिलं आहे ते ऐकते, मग ठरवते. आणि मला हुकूम झाला, "सगळं वाचून दाखव. अक्षर न् अक्षर."

मागच्या दाराच्या पायरीवर ती अंबाडीची भाजी निवडत बसली आणि मी मराठीत करत वाचायला घेतलं. फॉर्मला जोडलेल्या त्या कागदांवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत सगळा मामला छापलेला असतो, आणि त्यात 'जोखमी' म्हणून एक यादी असते. आमच्या वेळी प्रत्येक जोखमीखाली त्याबद्दल व्यवस्थापनाचं मतही छापत, ते फार करमणुकीचं असे. पहिली जोखीम: कंपनी नवीन आहे, नफ्याचा काही इतिहास नाही. व्यवस्थापनाचं मत: संचालक अनुभवी आहेत. "कायचा अनुभव?" आईने विचारलं. मी मागचं पान उलटून पाहिलं. सिमेंटच्या पाइपांचा. आईने एक कडक देठ मोडला आणि म्हणाली, "असू दे. पुढं." चौथी जोखीम: पहिलवान जखमी होऊ शकतात. मत: त्यांचा विमा काढला आहे. "ह्ये बरं केलं," ती म्हणाली, आणि तिला मनापासून बरं वाटलं, टकल्याबद्दलसुद्धा.

सातव्या आकड्यावर माझी जीभ थांबली. तिथे सरळ लिहिलं होतं की कंपनीच्या कुस्त्या हा करमणुकीचा खेळ असून त्यांचे निकाल लेखकांचं एक मंडळ आधीच ठरवतं. हे लेखक सोडून गेले तर धंद्याला फटका बसू शकेल. व्यवस्थापनाचं मत: लेखकांशी पक्का करार झालेला आहे, काळजीचं कारण नाही. मी आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून पानं खुडत होती, ओठांवर हसू होतं. सात-आठ वर्षं जिच्यासाठी भुऱ्या दर रविवारी स्वतःच्या बळावर उठत होता, तिला मी सांगायचं की तो कधी उठणार हे कोणी खोलीत बसून लिहितं? मला तिची दया आली. आज त्या दयेची लाज वाटते, पण तेव्हा मला आपण फार मोठ्या मनाचं काहीतरी करतो आहोत असंच वाटलं. मी सात गाळून आठ वाचला, आणि बाकीची पानं "यात नुसते कायदे आहेत गं" म्हणून मिटवली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर आई त्याच पायरीवर बसलेली. समोर भाजी नव्हती, सूप नव्हतं, काहीच नव्हतं. आईला मोकळ्या हातांनी बसलेलं मी त्याआधी आजारपणातच पाहिलं असेल. मांडीवर ते कागद होते आणि तिचं बोट सातवर.

"सहानंतर आठ येते का वं, रेखे?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"तू वाचत होती तवा मी मोजत होती. मले इंग्रजी अक्षर येत नाही, आकडे येते. सात कुठी गेला?"

"आई, ते... काही विशेष नव्हतं."

"मंग वाच ना."

मी वाचलं. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. लेखक, मंडळ, निकाल, करार, सगळं वाचलं. आईचा चेहरा मला वाटलं होतं तसा पडला नाही. भुऱ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिने जे सांगितलं ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं.

तिच्या गावी नागपंचमीला कुस्त्यांची दंगल भरायची. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, जोड लावायचे, कोणाशी कोण खेळेल ते ठरवायचे. बायकांनी दंगल पाहायची नाही, अशी रीत. पहिलवान लंगोटावर असतात, शोभत नाही. आई आणि तिची बहीण पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, कुंपणामागे बसून नुसतं डफडं ऐकायच्या आणि लोकांचा ओरडा. "भाऊ घरी ये अन् सांगे, कोन कसा पडला थे. त्याच्या मनात आलं तेवढं सांगे. कटाळा आला का मंधातलं सोडून दे. आमी मांगं मांगं फिरो, दादा सांग ना, मंग काय झालं, सांग ना." तिने मांडीवरचे कागद सारखे केले. "टीव्ही आला तवा मले वाटलं, आता कोनाले इचारा लागत नाही. सोताच्या डोयानं पाह्यतो. आन तू लेक असून मले कुंपनाच्या मांगं बसवलं."

मी रडले. ती रडली नाही, आणि तिने मला जवळही घेतलं नाही. "डोये पूस," ती म्हणाली, "आन वाच. पयल्यापासून. आता एकही गाळू नोको."

मग मी तासभर वाचत होते. हिशेब तपासनिसांचा पत्ता वाचला, कंपनीवरच्या खटल्यांची यादी वाचली, कोणत्या शहरात कोणती बँक अर्ज घेणार ते वाचलं. ऊन पायरीवरून उतरून हौदापर्यंत गेलं. अगदी शेवटच्या पानावर, आदल्या दिवशी मी मिटवलेल्या त्या पानावर, दोन ओळी होत्या: कंपनीच्या प्रत्येक जाहीर कार्यक्रमाला जवळच्या शहरातल्या भागधारकास पुढच्या रांगेची एक प्रवेशिका विनामूल्य मिळेल.

"थांब," आई म्हणाली. "थे पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे समोर बसून पाहाले भेटन? खरंखुरं?"

"ठरलेलं असेल, आई. पण खरंखुरं."

"ठरलेलं तर त्याईनंच सांगतलं. लपवलं कुठी?" 'त्याईनं'वर जोर देऊन ती उठली आणि चहा ठेवायला गेली.

रात्री जेवताना तिने बाबांना सगळं सांगितलं, सातव्या नंबरासकट. बाबांचा आनंद गगनात मावेना. "पाहा! मी काय म्हणत होतो? कंपनीनंच छापून दिलं! आन तरी घेतेस?"

"जो छापून देते थो खोटारडा कसा?" आई म्हणाली. "तुमच्या जिनिंगात गाडी काट्यावर चढाच्या आधी भाव ठरते. थे कोनी छापून देते का?"

बाबांचा घास हातातच राहिला. ते चिडतील असं मला वाटलं, पण ते चिडले नाहीत. भुवईवरचा एक तंतू त्यांनी काढला, बोटांत फिरवला. "नाही देत," ते हळूच म्हणाले, आणि ठेच्याची वाटी तिच्याकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तेच तिच्याबरोबर बँकेत ड्राफ्ट काढायला गेले. फॉर्मवर आईने मराठीत सही केली, प्रत्येक काना वेगळा काढत.

आता माझा मुलगा मोबाइलवर अंगठा फिरवून सातासमुद्रापलीकडच्या कुस्तीच्या कंपनीचे शेअर घेतो आणि विकतो, मध्ये चहासुद्धा गार होत नाही. मी त्याला विचारते, पास देतात का? तो हसतो. आईची ती कंपनी पुढे दोन-अडीच वर्षांत बुडाली, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे कोणी शेवटी घबाडाची वाट पाहायला नको. बहुधा ते लेखकच सोडून गेले असावेत.

पण त्या मधल्या काळाचं मला जे आठवतं ते वेगळंच. आई माझ्याशी नेहमीसारखी बोलायची, वेणी घालायची, डब्यात मुंगवडे जास्त भरायची. फक्त मला काही वाचायला सांगेना. विजेचं बिल असो, मावशीच्या पोराने इंग्रजीत टाकलेलं कार्ड असो, ती बाबांची वाट पाहायची. पोस्टमन शेअरचा दाखला घेऊन आला तेव्हा मी घरातच होते. तिने तो दाराशी उभ्या उभ्या पाहिला, स्वतःच्या नावाखालचे आकडे ओठांनी वाचले आणि संध्याकाळपर्यंत फळीवर ठेवून दिला. एवढ्याशा गोष्टीने इतकं दुखतं हे मला कुठे माहीत होतं? रविवारी दोघी पूर्वीसारख्याच ओरडायच्या. सातवा नंबर आईने खालांनाही सांगून टाकला होता. खालांनी शेंगदाण्याचं टरफल फुंकरलं आणि म्हणाल्या, "तो क्या हुआ? मेरेको तो नहीं बताया ना, कौन जीतेगा."

आणि कंपनी बुडायच्या आधी एकदाच, नागपूरला कार्यक्रम झाला. खरोखर पास आला. भुऱ्याचं चित्र असलेला, जाड, गुळगुळीत. तो दुपारचा खेळ होता. आईने ठेवणीतली जांभळी साडी नेसली, आम्ही तिघं पहाटेच्या एसटीने निघालो. बाबांना वाटत होतं फाटकावर काहीतरी सांगून सगळ्यांना आत जाता येईल. फाटकावरच्या माणसाने पास उलटसुलट पाहिला आणि बाबांना म्हणाला, "एक आदमी का है. आप जाओगे?"

"माह्या नावाचा आहे," आई म्हणाली.

"ह्या एकट्या कशा जातील हो?" बाबा म्हणाले. "इतकी गर्दी आहे..."

"तुम्ही थ्या झाडाखाली बसा," आई त्यांना म्हणाली. "उन्हात नोका बसू." पाण्याची बाटली तिने माझ्या हातात दिली आणि पदर खोचून आत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

आम्ही कडुनिंबाखाली तर्री पोहे खात बसलो. भिंतीपलीकडून लाटेसारखा गलका यायचा, मध्येच शांतता, मग पुन्हा एकदम हजारो लोकांचा आवाज. प्रत्येक वेळी बाबा चमचा थांबवून विचारायचे, "आता काय झालं असेल?" मी म्हणायचे, मला काय माहीत. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांना राहवेना. जन्मभर नुरा कुस्ती म्हणणारे माझे बाबा उठून फाटकाशी गेले, त्या माणसाला पान देऊ केलं आणि आत काय चाललंय विचारलं. त्याची आखाड्याकडे पाठ होती, त्यालाही काही दिसत नव्हतं.

तीन वाजता आई बाहेर आली. अंबाडा सुटलेला, आवाज पार बसलेला, चेहरा असा की मी तिला क्षणभर ओळखलं नाही. ती माझ्या वयाची दिसत होती. बसमध्ये तिने खिडकी घेतली, मी मधे, बाबा कडेला. बस हलायच्या आत बाबांनी विचारलं, "कोण जिंकलं मग? भुऱ्या?"

"थांबा ना. भुऱ्या अजून आतच आला नाही," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि फाटकापासून सुरुवात केली. खुर्ची कोणत्या रांगेत, शेजारी बसलेल्या माणसाने तिला वाट कशी करून दिली, दिवे कसे विझले. वर्धा आलं तेव्हा कुठे पहिली जोडी सुटली होती. "मारते तवा थो पाय आपटते," ती म्हणाली. "आवाज पायाचा येते. म्या पाह्यलं. सात नंबर खरा आहे." मग म्हणाली, "पन पडते तवा खरंच पडते. पाठ लालभडक होते. थे कोनी लिहू शकत नाही." देवळीच्या पुढे समोरच्या सीटवरचा एक म्हातारा मागे वळून बसला. कंडक्टरही तिकिटं फाडून झाल्यावर आमच्याजवळच उभा राहिला. कळंब गेलं, उन्हं उतरली, शेतांतल्या पऱ्हाट्या काळ्या दिसू लागल्या, आणि भुऱ्या नुकता कुठे दोरांत अडकला होता.

"आई, शेवट तरी सांग ना," मी म्हणाले. "यवतमाळ येईल आता. कोण जिंकलं?"

"कायची घाई झाली वं तुले?" ती म्हणाली. "मी नाही बाई तुह्यासारखी मंधातलं गाळत." आणि माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेऊन ती पुढचं सांगू लागली.